जुन्या चांदीचे कॉफीपॉट आणि टेबलावरची भांडी: खरेदीआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी चांदी पहिल्यांदा घ्यायला निघालेला माणूस भांडं उलटं करून शिक्का शोधतो. शिक्का बघायलाच हवा, पण तो चार साक्षीदारांपैकी एक आहे. बाकीचे तीन म्हणजे भांड्याची घडण, त्याचं वजन आणि त्यावरची झीज. चौघांची साक्ष जुळली तर निर्धास्तपणे घ्या. एकाचीही वेगळी असेल तर आधी विचारा, मग पैसे काढा. खालची बहुतेक उत्तरं याच तपासणीभोवती फिरतात. ती लिहिताना डोळ्यांसमोर संग्राहक नाही, तर घरात जुनं भांडं आणून त्यातून खरोखर कॉफी ओतू पाहणारा माणूस आहे.

‘अँटिक’ म्हणजे नेमकं किती जुनं?

व्यापारात आणि बहुतेक देशांच्या सीमाशुल्क नियमांत शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला अँटिक म्हणतात. त्याहून अलीकडच्या वस्तूंसाठी ‘व्हिंटेज’ हा सैल शब्द चालतो. घरच्या वापरासाठी या रेषेला फार महत्त्व देऊ नका. नव्वद वर्षांचं जाड पत्र्याचं धडधाकट भांडं दोनशे वर्षांच्या झिजून कागद झालेल्या भांड्यापेक्षा कधीही बरं.

कॉफीपॉट, टीपॉट आणि चॉकलेटपॉट यांत फरक काय?

कॉफीपॉट उंच आणि अंगाने निमुळता असतो. कॉफीचा चोथा तळाशी बसतो, म्हणून तोटी सहसा तळापासून बरीच वर जोडलेली असते आणि ओतताना गाळ खालीच राहतो. टीपॉट बुटका आणि गोलसर असतो. तोटी जिथे पोटाला मिळते तिथे आतून पाहिलं तर पत्र्याला बारीक भोकं दिसतात, ती चहाची पानं अडवण्यासाठी. कॉफीपॉटला तिथे बहुधा एकच मोठं भोक असतं.

चॉकलेटपॉट दिसायला कॉफीपॉटसारखाच असतो. खूण झाकणात सापडते: वरचं बोंड सरकतं किंवा उघडतं आणि त्याखाली भोक असतं. चॉकलेट घुसळण्याची काठी त्यातून आत घालत. बोंड नंतर डाख लावून पक्कं केलं असेल, तर चॉकलेटपॉट कॉफीपॉट म्हणून विकला जातो. अशी भांडी तुलनेने दुर्मीळ असल्याने झाकण नीट बघण्याचा कंटाळा करू नका. चौथा भाऊ म्हणजे गरम पाण्याचा जग. त्याला लांब तोटी नसते, काठालाच आखूड चोच असते.

आरंभीच्या काळात या सगळ्यांची सरमिसळ होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १६७० सालचं एक उंच, शंकूच्या आकाराचं चांदीचं भांडं आहे. कोणीही त्याला कॉफीपॉटच म्हणेल. पण ईस्ट इंडिया कंपनीला भेट म्हणून देताना त्यावर ‘टीपॉट’ असं कोरलं गेलं, म्हणून ते चहाचं ठरलं. त्याच संग्रहालयातला १६८१-८२ चा कॉफीपॉट जवळजवळ तशाच घडणीचा आहे.

नुसत्या आकारावरून काळ सांगता येतो का?

ढोबळ अंदाज येतो. इंग्लंडमधल्या घडणीचा क्रम साधारण असा: सतराव्या शतकाच्या अखेरीपासून सरळ बाजूंचा, वर निमुळता होत जाणारा साधा पॉट, अठराव्या शतकाच्या मध्याकडे तळाशी गोलाई आणि मग पेरूसारखा फुगीर आकार, त्यावर वेलबुट्टी आणि शिंपले, १७७० च्या पुढे ग्रीक-रोमन कलशाचा डौल, उंच बैठक आणि मण्यांच्या बारीक कडा, एकोणिसाव्या शतकात पुन्हा भरगच्च नक्षी. फ्रान्समध्ये तीन पायांवर उभा, बाजूला सरळ लाकडी दांडा असलेला पॉट लोकप्रिय होता.

पण जुने आकार पुन्हापुन्हा घडवले गेले. सन १९२० मध्ये घडवलेला पॉट हुबेहूब १७३० च्या धाटणीचा असू शकतो. त्यात फसवणूक नाही. शिक्का १९२० चाच असेल आणि विकणारा तसं सांगत असेल, तर रोजच्या वापराला ही फार छान निवड आहे.

ब्रिटिश चांदीवरचे शिक्के कसे वाचायचे?

जगातली सगळ्यात सलग आणि वाचायला सोपी पद्धत ब्रिटिशांची आहे, म्हणून शिकायला तिथूनच सुरुवात करावी. बहुतेक भांड्यांवर चार-पाच छोटे ठसे ओळीने दिसतात.

पहिला कसाचा. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. हा सिंह १५४४ पासून आहे. दुसरा शहराचा. लंडनचं बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचा मुकुट, एडिनबराचा किल्ला. बर्मिंगहॅम आणि शेफील्डला तपासणीचा अधिकार १७७३ मध्ये मिळाला, तेव्हा त्यांचा शिक्का १७५० च्या वस्तूवर असूच शकत नाही. शेफील्डने १९७५ पासून मुकुटाऐवजी गुलाब घेतला. लंडनच्या बिबट्याच्या डोक्यावर १८२१ पर्यंत मुकुट होता, पुढे तो गेला. एवढ्या एका गोष्टीवरून काळाचा अर्धा उलगडा होतो.

तिसरा वर्षाचं अक्षर. लंडनमध्ये ही पद्धत १४७८ पासून आहे. वीस अक्षरांचं चक्र संपलं की अक्षराची धाटणी आणि त्याभोवतीच्या ढालीचा आकार बदलून नवं चक्र सुरू होई. त्यामुळे नुसतं अक्षर जुळवून भागत नाही, ढालही जुळली पाहिजे. लंडनचं अक्षर पूर्वी वर्षाच्या मध्यावर बदलत असे, म्हणून जुन्या वस्तूंच्या वर्णनात ‘१६८१-८२’ असं जोडवर्ष लिहितात. चौथा शिक्का घडवणाऱ्याचा, बहुधा नावाची आद्याक्षरं.

पाचवा शिक्का राजा किंवा राणीच्या मस्तकाचा. तो १७८४ ते १८९० याच काळात, कर भरल्याची खूण म्हणून मारला जाई. ‘१७६० चा’ म्हणून दाखवलेल्या पॉटवर राजाचं मस्तक असेल, तर सांगणारा तरी चुकतोय किंवा पॉट तरी.

आणखी एक गाठ. नाणी कातरून, वितळवून त्यांची भांडी घडवण्याचा प्रकार फार वाढला, म्हणून १६९७ मध्ये भांड्यांसाठी नाण्यापेक्षा उंच कस सक्तीचा झाला: हजारात सुमारे ९५८ भाग. त्या वस्तूंवर चालत्या सिंहाऐवजी बसलेली ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) आणि सिंहाचं मस्तक दिसतं. सक्ती १७२० मध्ये उठली, पण हा कस ऐच्छिक म्हणून पुढेही चालू राहिला. म्हणून ब्रिटानिया दिसली की वस्तू त्या तेवीस वर्षांतलीच असं समजू नका, वर्षाचं अक्षर बघा.

ब्रिटनबाहेरच्या वस्तूंवर काय शोधायचं?

फ्रान्समध्ये १८३८ पासून मिनर्व्हा देवीचं मस्तक. सोबत १ असेल तर कस ९५०, २ असेल तर ८००. तिथे घडवणाऱ्याचा शिक्का शंकरपाळ्याच्या आकारात असेल तर वस्तू चांदीची आणि चौकोनात असेल तर मुलाम्याची. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर फ्रेंच भांड्यांच्या बाबतीत फसणं फार कठीण होतं. जर्मनीत १८८८ पासून चंद्रकोर, मुकुट आणि आकडा, बहुधा ८००. रशियाचा ८४ आकडा बघून घाबरू नका. तिथे ९६ म्हणजे शुद्ध, त्या हिशेबाने ८४ म्हणजे हजारात ८७५. स्कँडिनेव्हियन वस्तूंवर ८३० नेहमी दिसतं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नाण्यांच्या कसाची चांदी चाले, साधारण ९००. पुढे टिफनी, गोरम यांसारख्या घराण्यांनी स्टर्लिंगचा कस स्वीकारला आणि ‘स्टर्लिंग’ हा शब्दच वस्तूवर उमटू लागला. वर्षाचं अक्षर बहुतेक ठिकाणी नसतं, म्हणून घडण आणि झीज यांची साक्ष इथे जास्त मोलाची.

‘ईपीएनएस’ लिहिलेलं भांडं चांदीचं असतं का?

नाही. खाली जर्मन सिल्व्हर आणि त्यावर विजेच्या साहाय्याने चढवलेला चांदीचा पातळ थर. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू. त्यात चांदीचा कणही नसतो, मग नाव काहीही असो. ‘ईपीबीएम’ असेल तर आतला धातू कथलाचा मिश्रधातू असतो. तो मऊ असतो, त्याला चटकन पोचे पडतात आणि तो दुरुस्त करायला अवघड जातो. ते शक्यतो टाळावंच.

घोटाळा होतो तो मांडणीमुळे. ही अक्षरं वेगवेगळ्या छोट्या ढालींत, वळणदार लिपीत ओळीने ठोकलेली असतात आणि लांबून थेट चांदीच्या शिक्क्यांसारखी दिसतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा.

शेफील्ड प्लेट म्हणजे काय? तीही मुलाम्याचीच ना?

मुलाम्याची म्हणणं तिच्यावर अन्याय आहे. थॉमस बोल्सोव्हर या शेफील्डच्या कारागिराने १७४३ च्या सुमारास तांब्याच्या जाड लगडीला चांदीचा पत्रा उष्णतेने जोडून दोन्ही एकत्र लाटण्याची रीत काढली. त्या जोड पत्र्यातून भांडी घडत. म्हणजे चांदी आधी, भांडं नंतर. विजेच्या मुलाम्यात क्रम उलटा: तयार भांड्यावर चांदी चढते. एल्किंग्टन यांनी त्याचं पेटंट १८४० मध्ये घेतलं आणि थोड्याच वर्षांत जुनी रीत मागे पडली. शेफील्ड प्लेटचा खरा काळ म्हणूनच जेमतेम शंभर वर्षांचा आहे.

ओळखायच्या खुणा हाताला आणि डोळ्याला कळणाऱ्या आहेत. पत्र्याच्या कापलेल्या कडेला तांबं उघडं पडे, ते लपवण्यासाठी कारागीर चांदीची तार किंवा दुमडलेली पट्टी बसवत. काठाच्या खालच्या बाजूने नख फिरवलं की ते त्या पट्टीला अडकतं. मोठ्या भांड्यावर कुठेतरी सांधा असतोच. घराण्याचं चिन्ह कोरायचं तर छिन्नी तांब्यापर्यंत जाई, म्हणून तेवढ्या जागी जाड चांदीचा तुकडा बसवत. तिथे तोंडाची वाफ सोडा, त्या तुकड्याची कड क्षणभर उमटून दिसेल. घासून घासून उंचवट्यांवर तांब्याची लाली डोकावू लागते. थोडी लाली शोभते. संपूर्ण अंगच लाल झालं असेल तर वस्तू कपाटात ठेवण्यापुरती.

यावर नंतर विजेचा मुलामा चढवून ‘नवी’ केलेली भांडी बरीच सापडतात. एकसारखी पांढरी, थंड चमक दिसली तर तसंच समजा. अशा वस्तूचं ऐतिहासिक मोल बरंचसं गेलेलं असतं. आणि विसाव्या शतकातल्या वस्तूवर ‘शेफील्ड’ हा शब्द ठोकलेला असेल तर तो फक्त गावाचा उल्लेख आहे.

मग मुलाम्याची भांडी घ्यावीत की नाही?

घ्यावीत, फक्त मुलाम्याची म्हणून आणि त्याच भावाने. फ्रान्समध्ये क्रिस्तोफ्ल यांनी १८४२ मध्ये विजेच्या मुलाम्याचे हक्क घेतले. त्यांची आणि एल्किंग्टन यांची जुनी कामं जाड थराची आणि सुरेख घडणीची आहेत. तबक, झाकणाच्या ताटल्या, बाटलीखालची बैठक अशा मोठ्या वस्तू या प्रकारात घ्याव्यात आणि वाचलेल्या पैशांत एक कॉफीपॉट भरीव चांदीचा घ्यावा, असं माझं मत आहे. रोज हातात येणारी, उकळतं पेय धरणारी वस्तू चांदीचीच टिकते. कॉफीपॉट मुलाम्याचाच घेत असाल तर आत टॉर्च मारून पाहा. तांबं उघडं पडलं असेल तर त्यातून पिऊ नका, आम्लयुक्त पेयात तांबं उतरतं.

शिक्के अस्सल असूनही भांडं फसवं असू शकतं का?

हो, आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

इंग्लंडमध्ये १७२० ते १७५८ या काळात चांदीच्या वस्तूंवर वजनाप्रमाणे कर होता. तो चुकवण्यासाठी काही कारागीर एखादी हलकी वस्तू तपासून, शिक्के मारून आणत, शिक्क्यांचा तेवढा तुकडा कापत आणि मोठ्या भांड्याच्या तळाला डाखून बसवत. पुढे बनावट करणाऱ्यांनीही हीच युक्ती वापरली. शिक्क्यांवर वाफ सोडा. त्यांच्याभोवती गोल किंवा चौकोनी रेघ उमटली तर तळ आणि शिक्के वेगवेगळे आहेत.

दुसरा प्रकार रूपांतराचा. अठराव्या शतकातले झाकणवाले बिअरचे मग एकोणिसाव्या शतकात कोणाला नकोसे झाले, तेव्हा त्यांना तोटी लावून कॉफीपॉट बनवले गेले आणि साध्या अंगावर फुलं-पानं ठोकली गेली. शिक्के १७५० चे, तोटी १८५० ची. अशा वेळी फुगीर नक्षी शिक्क्यांवरूनच गेलेली दिसते. घडवणारा स्वतःच्या शिक्क्यावर नक्षी ठोकणार नाही, हे तर उघड आहे. शिक्कामोर्तब झालेल्या वस्तूत परवानगीशिवाय असे बदल करणं ब्रिटिश कायद्याला मान्य नाही, आणि लंडनमध्ये तपासून शिक्के मारणाऱ्या गोल्डस्मिथ्स कंपनीची एक समिती संशयास्पद वस्तू तपासते.

तिसरा, जोडाजोडीचा. अंग एकाचं, झाकण दुसऱ्याचं. अठराव्या शतकाच्या चांगल्या पॉटच्या झाकणावरही निदान कसाचा आणि घडवणाऱ्याचा शिक्का असायला हवा, आणि तो अंगावरच्या शिक्क्याशी जुळायला हवा.

चमचेही सुटलेले नाहीत. जुने साधे चमचे घेऊन त्यांच्या वाटीत फळांची नक्षी ठोकायची आणि सोन्याचा मुलामा द्यायचा, हे व्हिक्टोरियन काळात सर्रास चाले. दिसायला गोड, पण मूळ वस्तू नव्हे. अठराव्या शतकातले काटे चमच्यांपेक्षा कमी उरले, कारण त्यांची टोकं झिजतात. म्हणून चमच्यांची वाटी कापून काटे करणारेही झाले. काट्याची टोकं दांड्याच्या मानाने पातळ वाटली तर थांबा.

भांडं हातात आल्यावर कोणत्या क्रमाने बघावं?

आधी दोन पावलं दूर ठेवून बघा. तोल बरोबर आहे का, तोटी आणि मूठ एका रेषेत आहेत का, झाकण अंगाला शोभतं का. नजरेला खटकलं तर त्याला बहुधा कारण असतं.

मग झाकण उघडमिट करा. बिजागरी ढिली असेल तर ती दुरुस्त करणं वाटतं त्यापेक्षा किचकट काम आहे. पॉट उजेडाकडे धरून आत पाहा. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तर पत्रा झिजून भोक पडलंय. तोटीचं मूळ आणि मुठीच्या खोबणी ही नेहमीची दुखरी जागा. तिथे मातकट करड्या रंगाचा गोळा दिसला तर कोणीतरी शिशाचा डाख लावलाय. तो चांदीला आतून खातो आणि पुढच्या योग्य दुरुस्तीतही आडवा येतो. असा पॉट पिण्यासाठी घेऊ नका.

आता अंगठा. अंगाचा मधला भाग, जिथे घराण्याचं चिन्ह असतं तिथे हलकेच दाबा. पत्रा पिचकला तर पूर्वीच्या मालकाचं चिन्ह खरवडून काढलेलं आहे आणि तेवढा भाग पातळ झालाय. कोरलेलं चिन्ह भांड्याच्या काळाशी जुळणारं असेल तर ते शिल्लक असणं ही जमेची बाजू आहे. परक्याचं नाव नको म्हणून ते काढून टाकू नका.

जुन्या स्टर्लिंगवर कधीकधी ढगासारखी निळसर-करडी छटा दिसते. चांदी तापवताना तिच्यातल्या तांब्याचा ऑक्साइड पृष्ठभागाखाली बसतो, त्याची ती खूण आहे. हा दोष नाही. उलट, भांडं यंत्रावर निर्दयपणे घासलेलं किंवा वरून मुलामा दिलेलं नाही याची ती चांगली साक्ष आहे.

चुंबक फारसा उपयोगाचा नाही. चांदी चिकटत नाही, तसं तांबं, पितळ आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. आम्लाची कसोटी वस्तूवर डाग सोडते. शंका राहिलीच तर एक्स-रे फ्लुओरेसन्सने धातू तपासून घ्या, त्यात भांड्याला ओरखडाही पडत नाही.

वजन कितपत महत्त्वाचं?

बरंच. जुनी चांदी ट्रॉय औंसात मोजतात, एक औंस म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम. पुष्कळ जुन्या भांड्यांच्या तळावर घडवल्या वेळचं वजन बारीक ओरखड्यांनी लिहिलेलं असतं. आजचं वजन त्याच्याशी ताडून पाहा. किंचित घट म्हणजे शतकानुशतकांची घासणी. मोठी घट असेल तर एखादा भाग गेलाय, आणि वजन वाढलं असेल तर काहीतरी नंतर जोडलंय. लाकडी मुठीचं वजन धरलंय की नाही, तेवढं विचारा.

मेणबत्तीच्या घरांच्या पोटात आणि सुऱ्यांच्या मुठीत राळेसारखा भराव असू शकतो. तिथे वजनावरून चांदीचा अंदाज बांधता येत नाही.

नामांकित कारागिराचीच वस्तू घ्यावी का?

पॉल डी लॅमरी, पॉल स्टॉर, हेस्टर बेटमन ही नावं ऐकली की भाव चढतो आणि बनावट शिक्केही याच नावांचे निघतात. त्याच काळातल्या, फारसं नाव नसलेल्या कारागिराचं साधं, जड, नीट राहिलेलं काम घरासाठी अधिक समाधान देतं.

काटे-चमच्यांचा पूर्ण संच एकदम घ्यावा की जमवत जावं?

एकाच कारागिराचा, एकाच वर्षाचा संच मिळाला तर तो महाग असतो आणि त्याला कारण आहे. पण जमवण्यात जास्त आनंद आहे, असं मला मनापासून वाटतं. ओल्ड इंग्लिश, फिडल, किंग्ज असे नमुने दीर्घकाळ घडवले गेले, त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांचे नगही टेबलावर एका घरचे दिसतात. चमच्याची वाटी डाव्या टोकाला झिजली आहे का बघा. उजव्या हाताने खाणाऱ्यांच्या पिढ्या तिथे दिसतात. काट्याच्या टोकांची लांबी सारखी हवी. साधारण १७८० च्या आधी चमच्यांवरचे शिक्के दांड्यावर वाटीजवळ असत, नंतर ते वरच्या टोकाकडे गेले.

सुऱ्यांची पाती पोलादाची असतात. स्टेनलेस स्टील १९१३ नंतरचं, तेव्हा जुन्या मुठीला तसं पातं असेल तर ते बदललेलं आहे. वापरायला ते सोयीचंच, फक्त विकणाऱ्याने तसं सांगायला हवं.

ऑनलाइन किंवा लिलावात घेताना काय मागावं?

शिक्क्यांचे जवळून काढलेले स्पष्ट फोटो, आतला तळ, बिजागरी, तोटीचं मूळ, ग्रॅममध्ये वजन, उंची आणि किती पाणी मावतं ते. जुने पॉट फोटोत भव्य दिसतात आणि प्रत्यक्षात तीन-चार छोटे कप भरतात. ‘दुरुस्ती किंवा बदल झालाय का’ हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. लिलावात बोलीच्या वर लिलावघराचं शुल्क आणि कर लागतात, ते धरूनच आपली मर्यादा ठरवा. ‘अमुकच्या शैलीत’ याचा अर्थ ‘अमुक काळातला’ असा होत नाही.

मुठीला हस्तिदंत असेल तर?

चांदी उष्णता झपाट्याने वाहून नेते, म्हणून मूठ लाकडाची करत किंवा चांदीच्या मुठीत हस्तिदंताच्या चकत्या घालत. या चकत्या लहान असल्या तरी कायद्याच्या दृष्टीने त्या हस्तिदंतच. सीमेपलीकडे नेण्यावर साइट्स कराराची (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) बंधनं आहेत आणि देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये २०१८ चा कायदा जून २०२२ पासून लागू झाला. तिथे १९४७ पूर्वीच्या, दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूसुद्धा नोंदणीशिवाय विकता येत नाहीत. परदेशातून मागवणार असाल तर लाकडी मुठीचाच पॉट निवडा.

अशा पॉटमधून खरंच कॉफी द्यायची?

जरूर द्यायची, तो त्यासाठीच घडला आहे. कॉफी दुसरीकडे तयार करा, पॉट आधी कोमट पाण्याने विसळा, मग ओता. थेट विस्तवावर किंवा शेगडीवर कधीच ठेवू नका, डाख सुटतो. काम झालं की लगेच रिकामा करा, मऊ फडक्याने आणि सौम्य साबणाने धुवा, लाकडी मूठ पाण्यात बुडू देऊ नका. झाकण उघडं ठेवून वाळवा. बंद ठेवलेल्या ओलसर पॉटला येणारा कुबट वास पुढच्या कॉफीत उतरतो. आला असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून तासभर ठेवा.

मीठ चांदीला खड्डे पाडतं. म्हणूनच मीठदाणीच्या आत काच किंवा सोन्याचा मुलामा असतो. जेवण झाल्यावर मीठ काढून टाका. अंड्यातल्या गंधकाने चमचे काळे पडतात, ते लगेच धुवावेत. डिशवॉशरमध्ये काहीही घालू नका, भराव असलेल्या सुऱ्या तर नाहीच.

काळी पडलेली चांदी कशी साफ करावी? फॉइल आणि सोड्याची युक्ती चालते का?

काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाच्या वायूने तयार झालेलं सिल्व्हर सल्फाइड. फॉइल-सोड्याच्या गरम पाण्यात ते रासायनिक क्रियेने निघतं, हे खरं. पण ते सरसकट निघतं. नक्षीच्या खोलगट भागात जाणूनबुजून राखलेली काळी छटाही जाते आणि भांडं सपाट, निर्जीव दिसू लागतं. भराव असलेल्या, लाकूड जोडलेल्या किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या वस्तूंना हा प्रयोग नकोच. बुडवून साफ करायची द्रावणंही टाळा. टूथपेस्ट, राख, लिंबू तर अजिबात नको.

चांगलं चांदीचं पॉलिश आणि मऊ सुती कापड घ्या, एकाच दिशेने हलका हात चालवा. शिक्क्यांवरून कमीत कमी घासा, कारण पुसट शिक्के पुन्हा उमटत नाहीत. मुलाम्याच्या वस्तूंना वर्षातून एकदा पुरे. सतत वापरात असलेली आणि धुतली जाणारी चांदी मुळात फारशी काळी पडत नाही, वापरण्याचा हा मोठा फायदा.

पोचे काढावेत का?

पत्रा मोडण्याचा धोका असेल किंवा झाकण बसत नसेल तर जुन्या चांदीचंच काम करणाऱ्याकडून काढून घ्या. किरकोळ पोचे राहू द्या. तुटलेली लाकडी मूठ बदलणं योग्य आहे, पूर्वीही ती बदलतच. जुनी मूठ मात्र टाकू नका.

ठेवायची कशी?

कोरड्या जागी, आम्लरहित टिश्यूत किंवा चांदीसाठीच्या खास कापडात. लोकर, रबर बँड आणि वर्तमानपत्र दूर ठेवा, तिन्ही चांदीला डागतात. प्लॅस्टिकचा पातळ कागद थेट अंगाला घट्ट गुंडाळू नका, आत दमटपणा कोंडतो. एकात एक भांडी ठेवायची असतील तर मध्ये कापड घाला.

घरी आणल्यावर कोणती नोंद ठेवावी?

वजन, उंची, शिक्क्यांचे फोटो, असलेल्या प्रत्येक पोच्या-दुरुस्तीचे फोटो आणि विक्रेत्याच्या वर्णनासह पावती. विमा काढताना हेच मागतात. पुढे वस्तू मुलांकडे गेली किंवा विकावीशी वाटली तर हाच कागद भांड्याबरोबर द्या. कागदाची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या ठिकाणी ठेवा.